खडीसाखर म्हणजे साखर नव्हे

डॉक्टरांनी माझं जठर लिंबाएवढं केलं आणि आमच्या सुमनआत्याने त्यात बासुंदी भरली.

यात आत्याची चूक शोधायला जाऊ नका. दूध आटवलं तिने, पण ते नियमात बसवून दिलं मी. मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होतो आणि परिपत्रकाचा अर्थ लावण्यात आमच्या मजल्यावर माझा हात कुणी धरत नसे. 'रजा मंजूर होणार नाही' असं ठळक छापलेल्या कागदातून मी लोकांना रजा काढून दिल्या आहेत! असल्या माणसाच्या ताब्यात पथ्याचे नियम देऊच नयेत. पण हे डॉक्टरांना कोण सांगणार?

त्या वेळी माझं वजन किती होतं, हे मलाही नीट ठाऊक नाही, कारण घरातल्या काट्यावर उभा राहिलो की काटा शेवटच्या आकड्याला टेकून मान टाकायचा. मधुमेह होता, गुडघे बोलायचे, पण खरी भानगड झोपेतली होती. घोरता घोरता माझा श्वास मधेच थांबायचा, आणि उज्ज्वला, माझी बायको, उठून बसायची आणि तो परत सुरू व्हायची वाट बघायची. फारच वेळ लागला तर मला कोपराने ढोसायची. मी मात्र सकाळी ताजातवाना उठून म्हणायचो, "काय छान झोप लागली गं!" एकदा ती चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाली, "अहो, मला रोज नवऱ्यावर पहारा द्यायचा कंटाळा आलाय. एक दिवस माझा डोळा लागेल आणि तुमचा उघडणार नाही. काहीतरी करा."

ते काहीतरी म्हणजे हे ऑपरेशन. जठराचा वरचा एक कोपरा तेवढा कामाला ठेवायचा, बाकीच्याला बायपास. तेव्हा हे प्रकरण नवीन होतं. भाईंदरच्या आमच्या इंद्रलोक कॉम्प्लेक्समधल्या शेजारीण कांताबेन 'बायपास' ऐकून रडायलाच लागल्या.

"अरे भगवान! अरविंदभाईना हार्टचा प्रॉब्लेम?"

"नाही हो, हार्टचा नाही. पेटचा बायपास."

"पेटचा?" त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "मोठा रस्ता बनवावा लागेल."

ऑपरेशन मुंबईला झालं आणि उत्तम झालं. घरी सोडायच्या दिवशी आहारतज्ज्ञ शलाका मॅडम आल्या. त्या इतक्या बारीक होत्या की हे ऑपरेशन त्यांनी स्वतःवर दोनदा करून घेतलं असावं, अशी मला शंका आली. त्यांनी औषधाच्या बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुमचं ताट."

"आणि वाटी?"

"वाटीही हेच. पेलाही हेच."

मग त्यांनी मला पुढचं आयुष्य समजावून सांगितलं. सध्या फक्त पातळ. पाणी, नारळपाणी, गाळलेलं सूप, वरणाच्या वरचं पाणी. एक टोपण, तेही घोटाघोटाने, वेळ लावून. गटागटा नाही. स्ट्रॉ नाही, पोटात हवा जाते. भरल्यासारखं वाटलं की तिथेच थांबायचं, 'उरलंय एवढं संपवतो' नाही. मग काही दिवसांनी मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, मग चावून चावून साधं जेवण. प्रोटीन आधी. जेवताना पाणी नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर. रोज चालणं. आणि साखर नाही.

"आणि छाती धडधडायला लागली, दरदरून घाम आला, पोटात दुखलं," त्यांनी हे वाक्य माझ्याकडे न बघता उज्ज्वलाकडे बघून म्हटलं, "तर वाट बघायची नाही. आतला टाका सुटला तर जिवावर बेततं. लगेच हॉस्पिटल."

उज्ज्वलाने मान डोलावली. तिने पलंगाचा दांडा इतका घट्ट धरला होता की नर्सला तो सोडवून घ्यावा लागला.

माझ्या देखभालीसाठी सुमनआत्याला गुहागरहून बोलावलं होतं. उज्ज्वलाच्या रजा संपत आल्या होत्या आणि आत्याचं माझ्यावर लहानपणापासून प्रेम. (माझ्या वजनात तिच्या हातच्या घावन-घाटल्याचा वाटा मोठा आहे.) फोनवर खरखर फार होती, म्हणून उज्ज्वलाने ओरडून सांगितलं होतं, "आत्याऽ, मॅडमनी सांगितलंय, पातळच द्याऽ!"

आत्या आली ती पिशवीतून हिरवंगार, जरीच्या काठाचं, कोरं पातळ घेऊन.

"हे कुणाला, आत्या?"

"त्या डॉक्टरीणबाईंना. तूच म्हणालीस ना, त्यांनी पातळच द्या म्हणून सांगितलंय? मी म्हटलं, तोंडाने मागून घेणारी डॉक्टरीण पहिल्यांदाच ऐकली! पण आमच्या अरूचा जीव वाचवलान, मग द्यायला नको?"

हसून हसून माझे टाके दुखले. उज्ज्वलाने ते पातळ ठेवून घेतलं आणि आत्याला समोर बसवून नीट समजावलं, "नेसायचं नाही आत्या, प्यायचं. ह्यांना फक्त पातळ पदार्थ द्यायचे. आणि साखर घालायची नाही."

"एवढंच ना? साखर नाही, पातळ. झालं!"

इतक्या सोप्या दोन नियमांत काय घोटाळा होणार, असं उज्ज्वलाला वाटलं आणि ती निर्धास्तपणे ऑफिसला गेली.

मी मात्र वरणाच्या पाण्याला विटलो होतो. भूक नव्हती हो! पोट लिंबाएवढं, भूक कुठून असणार? पण जीभ तर डॉक्टरांनी कापली नव्हती ना! ती पूर्वीच्याच आकाराची होती. मी खिडकीत बसून टोपणातून पिवळं पाणी चाखत होतो आणि आत्या समोर बसून माझ्याकडे बघत होती. एखाद्याला बुडताना बघावं तशी.

"अरू, हे काय रे जेवण? आपल्याकडे कावळ्यालासुद्धा याहून जास्त ठेवतात."

"काय करणार आत्या, पातळच हवं."

"पातळ म्हणजे फक्त पाणीच का?" तिने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "बासुंदीसुद्धा पातळ असते."

वाचकहो, माझ्यातला आस्थापना शाखेचा लिपिक तिथे जागा झाला.

"असते," मी म्हणालो. "पण साखर नाही चालत."

"साखर कोण घालतंय? खडीसाखर घालते. खडीसाखर थंड असते. बाळंतिणीला देतात, खोकल्याला देतात, देवाला देतात. ती साखर आहे होय?"

मी विचार केला. मॅडमनी 'साखर' म्हटलं होतं. खडीसाखरेचा स्पष्ट उल्लेख नव्हता. ज्या बाबीचा स्पष्ट उल्लेख नाही, ती निषिद्ध समजता येत नाही, हे मी स्वतः कित्येक फायलींवर लिहिलेलं आहे.

"खडीसाखर म्हणजे साखर नव्हे," मी निर्णय दिला. "पण जास्त आटवू नकोस हं. पातळच ठेव."

दूध मंद आचेवर चढलं आणि घरात जो वास सुटला, तो जिन्याने उतरून गेला असावा, कारण थोड्याच वेळात कांताबेन हजर. हातात झाकलेलं पातेलं.

"अरविंदभाई, राब आणली. बाजरीची, गूळ टाकून. पातळी पातळी! चम्मच पण नाही लागत."

त्यांच्या मागोमाग डॉमनिक आला. डॉमनिक माझा ऑफिसातला मित्र, राहणारा समुद्राकाठच्या तारोडी गावचा. त्याच्या हातात दुधाची किटली, आणि किटलीला समुद्राचा वास.

"आयनं धाडलाय," तो म्हणाला. "कालवन न्हाय रं, घाबरू नको. निस्तं पानी हाय. काटा न्हाय, मासा न्हाय, मिरची थोडीशीच हाय."

माझ्यासमोर टेबलावर तीन भांडी मांडली गेली आणि मी न्यायाधीशासारखा मधे बसलो. डॉमनिकने किटली तिरकी करून दाखवली: पाणी लगेच वाहिलं. कांताबेननी पातेलं तिरकं केलं: राब विचार करून वाहिली. आत्याने बासुंदीचा टोप कलता केला: बासुंदी राजेशाही चालीने कडेला आली आणि तिथे सायीची एक सुरकुती पडली.

"हे पातळ न्हाय," डॉमनिक म्हणाला. "ह्याला होडी ढकलायला लागंल."

"तुझ्या मिरचीच्या पाण्यापेक्षा बरं!" आत्या कडाडली. "ऑपरेशन झालेल्या माणसाला मिरची?"

"मिर्ची तो नाहीच पाहिजे," कांताबेन म्हणाल्या. "अरविंदभाई, आधी राब घ्या."

"आधी बासुंदी. मी आत्या आहे त्याची!"

भांडण वाढू नये, या एकाच उदात्त हेतूने मी बासुंदीचं टोपण उचललं. (दुसरा हेतू मी तुम्हाला सांगणार नाही.) पहिल्या टोपणाला डोळे मिटले. दुसऱ्याला आत्याचे डोळे भरून आले. तिसरं कुणी भरलं, ते आठवत नाही, पण टोपण आपोआप भरलं जात होतं आणि घोटाघोटाने पिण्याचा नियम मी केव्हाच विसरलो होतो.

आधी अंगभर एक ऊब पसरली. मला वाटलं, हेच ते समाधान! मग कपाळाला घाम आला. वाटलं, समाधान जरा जास्तच होतंय. मग छातीत कुणीतरी ढोल बडवायला लागलं, पोटात पीळ पडला, खोली एका बाजूला कलली आणि डॉमनिक मला दोन दिसायला लागले.

"आत्या," मी म्हणालो, "छाती..."

एवढंच बोललो. पण शलाका मॅडमची सूचना उज्ज्वलाने फ्रीजवर चिकटवून ठेवली होती आणि ती सगळ्यांनी येताजाता वाचली होती. टाका! टाका सुटला! आत्याने किंकाळी फोडली. कांताबेननी "जय श्रीकृष्ण" म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला. डॉमनिकने छातीवर क्रूसाची खूण केली, मला बगलेत धरलं आणि म्हणाला, "चल. व्हॅन खाली हाय. काय होत न्हाय तुला."

लिफ्ट बंद होती. (आमची लिफ्ट असल्या प्रसंगी कधीच चालू नसते.) माझ्या त्या अवाढव्य देहाला एका बाजूने डॉमनिक आणि दुसऱ्या बाजूने कांताबेन धरून जिन्याने उतरवत होते. मला तेव्हा मृत्यूची भीती वाटत नव्हती. मला भीती वाटत होती ती उज्ज्वलाची. इतकी वर्षं तिने रोज जागून माझा श्वास राखला, आणि मी तो एका दुपारी बासुंदीत घालवला, हे तिला कुणी आणि कसं सांगायचं? व्हॅनमध्ये कांताबेन मोबाइलवर तिला ओरडून सांगत होत्या, "उज्ज्वलाबेन, घाबरू नका! काहीच नाही! फक्त हॉस्पिटल जातो! फक्त छाती! फक्त टाका!"

भाईंदरमधल्याच एका लहान नर्सिंग होममध्ये पोचलो. तिथला तरुण डॉक्टर हुशार होता, पण असं ऑपरेशन झालेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने नाडी धरली, कपाळाला आठ्या घातल्या आणि सरळ शलाका मॅडमना फोन लावला. फोन कानाला लावूनच तो आमची उलटतपासणी घेऊ लागला.

"मॅडम विचारतायत, काय खाल्लं?"

"काही नाही हो!" आत्या छातीठोकपणे म्हणाली. "फक्त पातळ दिलंय. सांगितल्याप्रमाणे."

"पातळ म्हणजे काय, विचारतायत."

उत्तर द्यायची गरज पडली नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात जे असतं, ते तसंच राहतं. आत्या बासुंदीचा टोप पोटाशी धरूनच व्हॅनमध्ये चढली होती आणि तो टोप घेऊनच आता उभी होती. डॉक्टरने टोपात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. (दुपारची वेळ, बिचारा जेवला नसावा.)

"मॅडम," तो फोनवर हळूच म्हणाला, "बासुंदी आहे."

पलीकडून काय आवाज आला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरने फोन कानापासून लांब धरला.

"पण साखर नाही त्यात!" आत्या रडत म्हणाली. "देवाशप्पथ! फक्त खडीसाखर आहे!"

"खडीसाखर तो ठंडी असते, डॉक्टरसाहेब," कांताबेन मदतीला धावल्या.

"मी बोललू व्हतू, पातळ न्हाय म्हनून," डॉमनिक म्हणाला.

डॉक्टरने फोन माझ्या कानाला लावला.

"अरविंदराव," मॅडमचा आवाज अगदी शांत होता, "खडीसाखर दुधात विरघळली की तिचं काय होतं?"

मी सर्व नियम, पोटनियम आणि अपवाद आठवून पाहिले.

"साखर," मी म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं की माझ्या नव्या पोटाला आता पूर्वीसारखी अडवून धरणारी वाट उरलेली नाही. गोड आत गेलं की ते धाडकन आतड्यात उतरतं, शरीर घाबरून सगळं पाणी तिकडे ओढतं आणि मग घाम, धडधड, चक्कर, पीळ. बहुतेक हे तेच. आडवं पडून राहिलं की उतरेल. पण टाका सुटल्यावरही सुरुवातीला असंच होतं, म्हणून नुसतं 'बहुतेक'वर सोडता येणार नाही. ठोके उतरतात का बघायचं. नाही उतरले, तर ताबडतोब मुंबईला.

म्हणून आम्ही वाट बघत बसलो. मी पलंगावर, आत्या स्टुलावर, कांताबेन आणि डॉमनिक भिंतीला टेकून. आत्या मधेच पुटपुटली, "माझ्या हाताने मारला असता मी ह्याला." मी म्हणालो, "आत्या, तू विचारलंस. चालेल म्हणून मी सांगितलं. निर्णयावर सही माझी आहे." ती तरीही रडतच राहिली.

अशातच दार उघडून उज्ज्वला आत आली. फोर्टातल्या ऑफिसातून ती कशी आली, हे तिने मला आजवर सांगितलेलं नाही. केस विस्कटलेले, पर्स उघडी. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं. पण ती माझ्या शेजारी बसली आणि दोन बोटं माझ्या नाकाखाली धरली. रोज झोपेत धरायची असणार, तशी. मी जागाच होतो, तिच्याकडे बघत होतो, तरी तिने आधी श्वास तपासला.

इतक्या वर्षांत मला तो पहारा पहिल्यांदा दिसला.

डॉक्टरने पुन्हा नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, मॅडमना फोन केला आणि हसला. "उतरलं. टाका शाबूत आहे."

डॉमनिकने तोंड फिरवून डोळे पुसले. कांताबेननी डॉक्टरच्या डोक्यावर हात ठेवून त्याला चांगली बायको मिळो, असा आशीर्वाद दिला. उज्ज्वलाने एक खोल श्वास सोडला आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "कशी झाली होती बासुंदी?"

"वेलची जरा कमी होती," मी म्हणालो.

"मुद्दाम कमी घातली!" आत्या डोळे पुसत उसळली. "ऑपरेशन झालंय म्हणून!"

आणि मग आम्ही सगळेच इतके हसलो की नर्स येऊन ओरडून गेली.

त्या दिवशी मला जवळपास मारणारी माणसं आणि मला जिन्याने खाली उतरवणारी माणसं एकच होती. आजारपण कसं सांभाळायचं, हे त्यांच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पण त्यांनी मला एकटं सोडलं नाही, आणि या उपकारातून मी अजून उतराई झालेलो नाही. (वजन उतरलं, उपकार उतरले नाहीत.)

दुसऱ्या दिवसापासून आत्याने कारभार हातात घेतला. 'पातळ' या शब्दावरचा तिचा विश्वास उडाला होता, म्हणून तिने स्वतःची कसोटी काढली. पदार्थ काचेच्या पेल्यात ओतायचा, पेला वर्तमानपत्रावर ठेवायचा, आणि वरून अक्षरं वाचता आली तरच अरूला द्यायचा. शलाका मॅडमना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे मी सगळ्या पेशंटना सांगणार आहे." कांताबेननी राबेचा नाद सोडून लिंबाचं बिनसाखरेचं पाणी आणलं: हेडलाइन स्वच्छ दिसली, पास! डॉमनिकच्या आईचं मासळीचं पाणी तीनदा गाळून, मिरची वगळून आलं: राशिभविष्य वाचता आलं, पास! माझं सूप एकदा अग्रलेखावर नापास झालं. मी म्हणालो, "आत्या, अग्रलेख सूप नसतानाही समजत नाही." तिने ऐकलं नाही.

पातळाचे दिवस संपले, मग मिक्सरचे आले. पोळी-भाजी मिक्सरमधून काढल्यावर जो रंग येतो, त्याला मराठीत नाव नाही. मग मऊ भात, मग चावून चावून चतकोर भाकरी. आत्या समोर बसून माझ्या जबड्याकडे बघायची. "गिळू नकोस! अजून चाव!" संध्याकाळी ती मला कॉम्प्लेक्सभोवती फिरवायची, आणि मी बाकावर बसलो की लहान मुलाला उठवावं तशी उठवायची. माणसं विचारायची, "काका, बारीक झालात!" आणि उत्तर आत्या द्यायची, "आम्ही झालो."

मग एका सकाळी मी घाबरून उठलो. उन्हं थेट अंथरुणावर आली होती आणि उज्ज्वला शेजारी गाढ झोपलेली. तोंड किंचित उघडं, आणि, मी हे प्रेमाने लिहितोय, ती चक्क घोरत होती! हलवून उठवली, तर घड्याळ बघून किंचाळली, "अहो, मला जागच नाही आली! ऑफिस!" मग धावता धावता दारात थांबली, वळून माझ्याकडे पाहिलं आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिला जागं राहायचं कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशी ती ऑफिसला गेली नाही. परत येऊन झोपली.

पुढे शलाका मॅडमनी मला हॉस्पिटलात बोलावलं. ऑपरेशन करून घेणाऱ्या नव्या पेशंटांना चार अनुभवाचे शब्द सांगायचे होते. पुढच्या रांगेत उज्ज्वला आणि सुमनआत्या बसल्या होत्या. मी फार छान बोललो. घोटाघोटाने प्या, घाई करू नका, चावून खा, चाला, गोळ्या चुकवू नका, आणि नियमांचा अर्थ लावत बसू नका, पाळा! ज्यांनी तुम्हाला सांभाळलं त्यांची आठवण ठेवा! आत्याने पदराने डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मला वाटलं, मी आता खरोखर सुधारलेला माणूस आहे.

खाली उतरलो, तर माझ्या जुन्या आकाराचे एक गृहस्थ मला कोपऱ्यात घेऊन गेले. इकडेतिकडे बघितलं आणि कानाशी लागून म्हणाले, "साहेब, एक विचारू? आमरस अगदी गाळून, पातळ करून घेतला तर..."

मी ताठ झालो. छाती पुढे काढली. आता याला असा खडसावतो की जन्मभर लक्षात राहील, असं ठरवून तोंड उघडलं आणि विचारलं,

"हापूस की पायरी?"